मलप्रभेची ओटी : कणकुंबी ते कूडलसंगम

२०२५ च्या जानेवारीत आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी प्रयागराजच होतं. महाकुंभ १३ जानेवारीला सुरू, १४ ला संक्रांतीचं पहिलं अमृतस्नान, कुणाचं रेल्वेचं रिझर्व्हेशन झालं, कुणी ट्रॅव्हल्सला पैसे भरले. आईलाही जायचं होतं, खरं तिचे गुडघे आणि तिथली गर्दी याचा मेळ बसेना. मग एक दिवस भाकरी थापता थापता तीच म्हणाली, "गंगा लांब हाय गं, मलप्रभा तर आपल्या उशाला हाय की. तिची ओटी भरायला कुणी अडवलंय?" झालं, तिथंच बेत ठरला. उगमापासून संगमापर्यंत जायचं, जमेल तिथं अंघोळ करायची आणि नदीची ओटी भरायची. आत्याला कळल्यावर ती म्हणाली, वैनी, मला सोडून गेलीस तर बोलणार न्हाई. म्हणून आम्ही तिघी, आणि पहिले दोन दिवस गाडी घेऊन मामाचा दादा.

आमच्या बेळगावकडच्या बऱ्याच जणांना मलप्रभा म्हटलं की खानापूरचा पूल नाहीतर सौंदत्तीचं धरण एवढंच डोळ्यासमोर येतं. खरं ही नदी खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण ७९२ मीटर उंचीवर उगवते आणि ३०० किलोमीटरच्या वर वाहून बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हणजे जन्म आपल्या मराठी मुलखात, वाढ सगळी कन्नड मुलखात आणि शेवटी कृष्णामाईच्या कुशीत. लेकीसारखीच आहे ती, असं आत्याचं मत.

१३ जानेवारी, भोगी : कणकुंबी

न खाई भोगी तो सदा रोगी, त्यामुळे पहाटे न्हाणं झाल्यावर आईने भोगीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि लोणी असं सगळं डब्यात भरूनच घेतलं, म्हणजे सण पण मोडला नाही आणि वेळ पण गेला नाही. पिरनवाडी, किणये सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की हवाच बदलते. कुसमळीच्या पुलावर पहिल्यांदा मलप्रभा दिसते, तिथं दादाने गाडी हळू केली आणि आईने आतूनच हात जोडले. ही नदी जानेवारीत इथं अगदी साधी दिसते, दगडांमधून वाट काढत जाणारी, पण पावसाळ्यात हिचं रूप बघितलेला माणूस तिला कमी लेखत नाही.

जांबोटीच्या पुढे रान दाट होत जातं. हा चोर्ला घाटाचा रस्ता, गोव्याला जाणाऱ्या गाड्या भराभर पुढे जातात आणि कणकुंबी हे त्यांच्यासाठी फक्त चहाचं गाव असतं. कितीतरी वेळा मी पण अशीच गेलेय. यावेळी मुद्दाम इथंच उतरायचं म्हणून आले तर गावाकडे बघायची नजरच वेगळी झाली.

माऊलीचं देऊळ शांत होतं. देवळाजवळच्या तीर्थकुंडात नदीचा उगम मानतात. मी कल्पना केली होती की कुठूनतरी धो धो पाणी येत असेल, तसं काही नाही. दगडी बांधणीच्या आत स्वच्छ पाणी, तळाचा दगडसुद्धा दिसेल इतकं नितळ, आणि कुठून येतं ते कळत नाही खरं कमी होत नाही. आई पायरीवर बसली आणि पिशवीतून एकेक वस्तू काढायला लागली. हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, विड्याची पानं आणि एका फडक्यात बांधलेले तांदूळ. खण तिने गुळेदगुड्डचाच घेतला होता, कारण गुळेदगुड्ड हे मलप्रभेच्याच पट्ट्यातलं गाव, तिच्याच बाजूच्या मागावर विणलेलं कापड तिला नेसवायचं असं तिचं म्हणणं. हळदीकुंकवाचं बोट पाण्याला लावलं, पाच मुठी तांदूळ खणावर घातले, नारळाची शेंडी पाण्याकडे केली, आणि खण पाण्यात सोडायला हात पुढे केला तर मागून आवाज आला.

"बाय, खण पाण्यात सोडू नको हां. माऊलीच्या पायाशी ठेव, नायतर कुणा बाईला दे. तांदूळ चार दाणे घाल. हे पाणी पुढं लोक पितात."

एक म्हाताऱ्या आजी होत्या, हातात झाडू, पदर खोचलेला. आवाजात राग नव्हता, पण ऐकावंच लागेल असा होता. आईने लगेच हात मागे घेतला. आजींनी मग स्वतःच तिला जवळ बसवून सांगितलं की आमच्या लहानपणी ओटी म्हणजे तांदूळ नि फूल, ते मासे खायचे, आता नायलॉनचं कापड नि प्लास्टिकची पिशवी येते ती कोण खाणार? नदीला नेसवायचं तर कुणीतरी नेसल्यावरच तिला पोचतं. आईला हे फार पटलं, नंतर सगळ्या प्रवासात ती हेच वाक्य ज्याला त्याला सांगत होती. मला पण पटलं. आपण ज्या पाण्याला आई म्हणतो त्यातच आपण काय सोडतो याचा विचार उगमाजवळ राहणाऱ्या बाईला जास्त येणार, कारण तिच्या हातून गेलेलं सगळं पुढच्या गावाला जातं.

कणकुंबीची अजून एक गोष्ट मला दादाने दाखवली. या माथ्यावर पडलेला पाऊस एका अंगाने मलप्रभेत जातो आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतो, आणि दुसऱ्या अंगाचं पाणी कळसा नाल्यातून म्हादईत, म्हणजे गोव्याच्या मांडवीत जाऊन अरबी समुद्राला. एकाच गावाच्या पावसाला दोन समुद्र. त्याच कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायचं म्हणून खोदलेला कालवा इथं दिसतो, ज्याच्यावरून कर्नाटक आणि गोव्यात इतकी वर्षं भांडण चाललंय. म्हादई लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निकाल दिला, कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांसाठी ३.९ टीएमसी. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी पाहिजे हे खरंच आहे, तिथल्या नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं हे नातेवाईकांकडून ऐकलेलं आहे. आणि खानापूरच्या रानातल्या माणसाला आपलं जंगल, आपले झरे राहतील का ही काळजी वाटते ती पण खरीच आहे. मला विचाराल तर ज्या रानामुळे ही नदी उगवते ते रान आधी जपलं पाहिजे, बाकीची वाटणी नंतर.

देवळाच्या आवारात झाडाखाली डबा उघडला. आजींना पण भाकरी दिली, त्यांनी लोणी बघून "आमच्याकडचंच वाटतं" म्हणून कौतुक केलं. येताना जांबोटीहून खानापूरला वळलो कारण आईला सुगडं खानापूरचीच पाहिजे होती. खानापूरची माती नावाजलेली, इथली कौलं आणि मडकी सगळीकडे जायची, आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थासुद्धा इथं आहे. बाजारात सुगडांचे ढीग लागले होते. आई एकेक हातात घेऊन बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत होती, खणखणीत वाजलं तरच बाजूला ठेवायचं. कुंभारीण पण कंटाळली नाही, उलट म्हणाली, घ्या घ्या अक्का, वाजवूनच घ्या, वर्षाचा सण हाय.

१४ जानेवारी, संक्रांत : हब्बनहट्टी आणि असोगा

पहाटे घरी सुगडं पुजली, त्यात ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, तीळ, आणि उजाडायच्या आत निघालो. एक सुगड आईने नदीसाठी वेगळं बांधून घेतलं होतं.

हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती मलप्रभेच्या अगदी पात्रालगत आहे, इतका की पावसाळ्यात नदीला पूर आला की देऊळ पाण्याखाली जातं आणि पेपरात दरवर्षी त्याचा फोटो येतो. संक्रांतीला मात्र इथं पाय ठेवायला जागा नसते. खानापूर, बेळगाव, बैलहोंगल, कुठून कुठून लोक येतात. टेम्पो, ट्रॅक्टर, टू-व्हीलर, आणि प्रत्येक कुटुंबाची एक जागा धरलेली, सतरंजी टाकून वर डबे. मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात ऐकू येत होतं. "अव्वा, टॉवेल कोडं, लवकर आण" असं एक पोरगं आईला ओरडत होतं आणि आईला दोन्ही कळत होतं.

आमच्याकडे संक्रांतीला अंघोळीच्या आधी तीळ वाटून हळदीबरोबर अंगाला लावतात. आत्याने घरून वाटून आणलेलं होतं, स्टीलच्या छोट्या डब्यात. आधी आईच्या पायाला लावलं, घोट्यापासून वर, गुडघ्यावर जरा जास्त वेळ चोळलं, मग माझ्या हाताला, पाठीला. थंडी एवढी होती की दात वाजत होते आणि तिळाचं तेल अंगावर आल्यावर जरा ऊब आली. मग तिघी एकमेकींचा हात धरून पाण्यात उतरलो. तळाला गोटे निसरडे, पाणी मांडीपर्यंत, पहिली डुबकी मारली तेव्हा श्वासच अडकला आणि दुसऱ्या डुबकीला असं वाटलं की आता बाहेर येऊच नये. आत्या "हर गंगे भागीरथी" म्हणत होती आणि शेजारच्या बायका "गंगम्मा तायी" म्हणून पाणी ओंजळीत घेत होत्या. आई सूर्याला अर्घ्य देताना काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही, विचारलं पण नाही.

ओटी भरताना आईने आजींचं ऐकलं. खण सुगडाबरोबर मारुतीच्या देवळाशी बसलेल्या एका बाईला दिला, नदीत फक्त तांदळाचे दाणे, फूल आणि हळदकुंकू. पानाच्या द्रोणात वात लावून सोडली ती थोडी पुढे जाऊन दगडाला लागून थांबली, मग एका पोरीने काठीने ढकलून वाटेला लावली. 

एक गोष्ट बोललीच पाहिजे. अंघोळीनंतर अंगावरचं जुनं कापड नदीतच सोडायचं अशी एक रीत पडलीय, म्हणजे पीडा गेली असं मानतात. काठाला साड्या, टॉवेल, लुंग्या दगडांना गुंडाळून लोंबत होत्या, त्यात शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलच्या ताटल्या. जीव तुटतो हो बघून. आपण नदीची पूजा करायला येतो आणि आपली पीडा तिच्या गळ्यात घालून जातो, हे कुठल्या शास्त्रात आहे? काही पोरं पोती घेऊन कापडं गोळा करत होती, कुणी सांगितलेलं नव्हतं, कॉलेजची पोरं दिसत होती. दादा त्यांच्यात जाऊन कामाला लागला आणि मग मी पण गेले. ओलं कापड किती जड होतं ते तेव्हा कळलं, एका साडीत वाळू भरली होती तर दोघांनी ओढावी लागली. तासाभरात तेवढा काठ तरी मोकळा झाला. बघून दोन-तीन कुटुंबांनी आपापला कचरा पिशवीत भरला, हे विशेष.

जेवण तिथंच. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं, दही आणि गुळाची पोळी. बाजूच्या कुटुंबाने मादेली, म्हणजे त्यांच्याकडचा गोड पदार्थ, दिला, आम्ही पोळी दिली. नदीकाठी अंघोळ करून जेवलेल्या जेवणाला जी चव असते ती घरी येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे तरी दरवर्षी सगळे तेच बोलतात.

परत जाताना खानापूरजवळ असोग्याला थांबलो. मलप्रभेच्या काठावर रामलिंगाचं जुनं देऊळ, नदीत काळे खडक. इथं पण संक्रांतीची गर्दी होती खरं हब्बनहट्टीएवढी नाही. आई देवळाच्या पायरीवर बसून राहिली, पाय दुखत होते. संध्याकाळी घरी येऊन गल्लीत तिळगूळ वाटला, आणि खरी गडबड तेव्हा सुरू झाली.

कारण दुसऱ्या दिवशी किंक्रांत. करीच्या दिवशी प्रवासाला निघायचं नाही म्हणतात. आत्या अडून बसली, कर आहे, घर सोडायचं नाही म्हणजे नाही. आईने शेवटी जुना उपाय काढला, प्रस्थान ठेवायचं. म्हणजे संक्रांतीच्याच दिवशी, तिन्हीसांजेच्या आत, प्रवासाची पिशवी घराबाहेर नेऊन शेजारच्या घरी ठेवायची, म्हणजे प्रवास आजच सुरू झाला असं धरतात. आत्याच्या पिशवीत तांदूळ, सुपारी घालून ती शेजारच्या काकूंच्या देवघरात ठेवली आणि मग ती शांत झाली. माझी आजी असं करायची हे मला आठवत होतं, खरं प्रत्यक्ष इतक्या वर्षांनी बघितलं.

१५ जानेवारी, किंक्रांत : एम. के. हुबळी, सौंदत्ती

दादाची सुट्टी संपली, म्हणून इथून पुढे बस. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे, आधार दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. यामुळे बायका देवाला किती जायला लागल्यात हे बसमध्ये बसल्यावरच कळतं. आमच्या बसमध्ये पुरुष मोजकेच होते आणि ते पण उभे. शेतात कामाला जाणाऱ्या बायका, सुना, सासवा, सगळ्या सौंदत्तीला, यल्लम्मा-रेणुकेच्या डोंगरावर. एक आजी म्हणाल्या की नवऱ्याकडे पैसे मागावे लागत नाहीत म्हणून यंदा पौषातली पुनव पण केली. देवदर्शनासाठी बाईला कुणाची परवानगी आणि कुणाचे पैसे लागू नयेत, मला ही मोठी गोष्ट वाटते.

एम. के. हुबळीला उतरलो. हायवेवरून धारवाडला जाताना पुलाखाली नदीत एक मंडप दिसतो, तो गंगांबिकेचा, म्हणजे बसवण्णांच्या (बसवेश्वरांच्या) पत्नीचा ऐक्यमंडप, तिची समाधीची जागा. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आताच्या बसवकल्याणमध्ये, उलथापालथ झाली तेव्हा शरण मंडळी, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, वचनं वाचवत उळवीच्या बाजूला निघाली, त्या वाटेवर गंगांबिका इथं मलप्रभेच्या काठी राहिली असं मानतात. नावच गंगा, आणि नदीतच शेवटची जागा. आईने तिथं खण न देता फक्त हळदकुंकू वाहिलं कारण तिथल्या रितीप्रमाणे काय चालतं ते माहीत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या ठिकाणी गेलं की त्यांच्या रितीने वागावं हे तिचं धोरण.

दुपारी सौंदत्ती. पौष पौर्णिमा, म्हणजे बनद हुण्णिमे, १३ तारखेलाच होऊन गेली होती तरी डोंगर भरलेलाच होता. बैलगाड्या, ट्रॅक्टर, चुली पेटलेल्या, भंडाऱ्याने रस्ता पिवळा. कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या इतक्या की "उदं गं आई उदं" आणि "उधो उधो" दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेलं. आधी जोगुळभावीला पाणी अंगावर घेतलं, मग वर. दर्शनाला रांग मोठी होती, त्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

रात्री खोलीवर आत्याने रेणुकेची गोष्ट सांगितली. लहानपणी शंभरदा ऐकलेली, खरं नदीची गोष्ट म्हणून कधी ऐकली नव्हती. रेणुका रोज पहाटे मलप्रभेवर जायची, काठच्या वाळूचं मडकं हाताने घडवायची, नागाची चुंबळ करून ते डोक्यावर घ्यायची आणि जमदग्नीच्या पूजेला पाणी आणायची. न भाजलेलं, नुसत्या वाळूचं मडकं, आणि ते टिकायचं ते तिच्या मनाच्या एकाग्रतेवर. एक दिवस पाण्यात गंधर्वांची क्रीडा दिसली, मन क्षणभर हललं आणि वाळू काही केल्या मडक्याचा आकार धरेना. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ऋषींचा कोप, परशुराम, आईचं शिर. आत्या इथं थांबली आणि म्हणाली, "क्षणभर बघितलं एवढंच केलं गं तिनं. नदीनं काय तिला टाकलं न्हाई. म्हणून तर ती हितंच बसली." तिचे डोळे भरून आले होते. आत्या लवकर विधवा झालेली, तिला रेणुका जशी कळते तशी मला कळणार नाही. मी काही बोलले नाही.

१६ जानेवारी : नवीलतीर्थ, पट्टदकल, ऐहोळे

सकाळी नवीलतीर्थाला. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीतून नदी निघते आणि तिथंच धरण बांधलंय, त्याचा जलाशय म्हणजे रेणुकासागर. क्षमता ३७.७३ टीएमसी, पूर्ण भरलं की पातळी २०७९.५० फूट. कणकुंबीच्या कुंडातलं ते ओंजळभर पाणी आठवलं आणि हे समोरचं बघितलं, काठ दिसत नाही इतकं. यावर हजारो एकर शेती, हुबळी-धारवाडचं पिणं. आई म्हणाली, लेक कर्तीसवरती झाली बघ. इथं अंघोळ करू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, दुरूनच नमस्कार केला.

पुढे रामदुर्ग, भाव्यांच्या जुन्या संस्थानाचं गाव, ते पण मलप्रभेवरच, तिथं फक्त चहा आणि बस बदलणं झालं. वाटेत तोरगल लागतं, शिंद्यांचा किल्ला, उतरायचं फार मनात होतं खरं बसच्या वेळा जुळेनात. बदामीहून एक रिक्षा ठरवली आणि पट्टदकल, ऐहोळे करून पुढे जायचं ठरलं.

पट्टदकलबद्दल पुस्तकात पुष्कळ आहे. १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, चालुक्य राजांचे राज्याभिषेक इथं व्हायचे, विरूपाक्षाचं देऊळ आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने नवऱ्याच्या, म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीवरच्या विजयासाठी बांधवलं. देवळं बघून डोकं चक्रावतं, पण आईला काय भावलं तर नदी. इथं मलप्रभा उत्तरेकडे वळते. उत्तरवाहिनी नदी पवित्र, काशीला गंगा पण उत्तरेला वाहते, म्हणूनच राजांनी हीच जागा धरली असेल, असं तिने एका दमात सांगितलं आणि विरूपाक्षाच्या मागून थेट पाण्याकडे चालायला लागली. गुडघे वगैरे विसरली. तिथं एक गुराखी म्हशी धूत होता, त्याने आमच्यासाठी म्हशी बाजूला घेतल्या.

ऐहोळ्याला परशुरामाने रक्ताने माखलेला परशू मलप्रभेत धुतला आणि पाणी लाल झालं अशी कथा आहे, नदीजवळ परशूच्या आकाराचा खडक पण दाखवतात. आत्या तिथं लांबूनच उभी राहिली. काल रात्रीची गोष्ट आणि ही जागा, दोन्ही एकाच नदीवर, मला पण ते जडच गेलं.

अंधार पडल्यावर कूडलसंगमला पोचलो. दासोहात, म्हणजे तिथल्या अन्नछत्रात, आमटी-भात जेवलो, ताट आपलं आपण धुवायचं.

१७ जानेवारी : कूडलसंगम

पहाटे संगमावर धुकं होतं आणि कृष्णा कुठली, मलप्रभा कुठली ते ओळखू येत नव्हतं. आता इथं नारायणपूरच्या जलाशयाचं पाणी आत आलेलं असतं त्यामुळे दोन धारा वेगळ्या दिसत नाहीत, सगळं एकच पाणी. घटप्रभा थोडी वर चिक्कसंगमलाच कृष्णेला मिळालेली असते. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातनं आलेलं बहुतेक सगळं पाणी इथं एकत्र. संगमेश्वराचं देऊळ जुनं, आणि बसवण्णांचं ऐक्यस्थळ पाण्याने वेढलेलं असल्यामुळे त्याला विहिरीसारखी भक्कम भिंत बांधून आत पायऱ्यांनी खाली उतरायची सोय केलीय. बसवण्णांच्या वचनांच्या शेवटी जो कूडलसंगमदेव येतो तो हाच. उतरताना पायऱ्यांवर एक आजोबा कन्नडमध्ये वचन म्हणत होते, सगळं नाही कळलं, ताल कळला.

घाटावर आईने शेवटची ओटी काढली. शेजारी एक बागलकोटकडची बाई बसली होती, इरकल नेसलेली, सोबत लग्नाला आलेली मुलगी. तिची पण तयारी अगदी तीच, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. फक्त तिच्याकडे नारळासोबत केळी होती आणि आमच्याकडे खारीक. आईने तिला मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "यल्लिंद बंदीरी?", म्हणजे कुठून आलात, आणि दोघी गप्पांना लागल्या. कणकुंबीच्या आजींचं वाक्य आईने कन्नडमध्ये सांगायचा प्रयत्न केला, अर्धं मी सांगितलं, अर्धं हातवाऱ्याने. त्या बाईने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि नदीत सोडायला काढलेला खण परत घडी घालून आपल्या मुलीच्या हातात दिला. मग आईने पण आपला खण त्याच मुलीच्या ओटीत घातला आणि पुढच्या संक्रांतीला सासरहून नदीला ये म्हणाली. मुलगी लाजून हसली. आत्याने तिघींना एकदमच हळदीकुंकू लावलं आणि वर पाण्याला लावलं.

आम्ही तिथं दोन डुबक्या मारल्या, आईने कणकुंबीहून बाटलीत आणलेलं तीर्थ संगमात ओतलं आणि संगमाचं पाणी त्याच बाटलीत भरून घेतलं. हे पुढच्या वेळी उगमात घालायचं म्हणे. म्हणजे कणकुंबीला परत जाणं आलंच, आणि मला त्याचा आनंदच आहे.

कुणाला जायचं असेल तर माझं सांगणं असं की कणकुंबी आणि हब्बनहट्टीला स्वतःची गाडी असावी, बस आहेत खरं वेळ सांभाळावा लागतो. हब्बनहट्टीला संक्रांतीला उजाडायच्या आत पोचा, नंतर गाडी लांब लावावी लागते. पाण्यात उतरताना चप्पल काढा पण दगड बघून पाय टाका, गोटे फार निसरडे आहेत, म्हाताऱ्या माणसाचा हात सोडू नका. सौंदत्तीला पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे गेलात तर खोली मिळणं अवघड, आधीच बघून ठेवा. आणि ओटीचा खण सुती घ्या, जिला द्याल तिला नेसता येईल असा. घरातून निघताना एक रिकामी पिशवी जादा घ्या, काठावरून काहीतरी उचलून आणायला लागेलच.